पूर्वतयारी आणि क्षमा : काब्बालातील एलूल महिना आणि किहीमचा किनारा

क्षमेची पूर्वतयारी करता येते काय, हा प्रश्न वरवर सोपा दिसत असला तरी त्याच्या पोटात एक तार्किक अडचण आहे. क्षमा ही देणगी असेल, तर तिच्यासाठी केलेली तयारी निरर्थक ठरते, कारण देणगी पात्रतेवर अवलंबून नसते. उलट क्षमा हे तयारीचे फळ असेल, तर ती क्षमा राहत नाही. तो केवळ हिशेब चुकता होण्याचा प्रकार होतो. याखेरीज तिसरी अडचण अशी की, ज्याला आपल्या चुकीची जाणीव होऊन तयारीची इच्छा झाली, तो एका अर्थाने आधीच बदललेला असतो. मग बदलाची सुरुवात नेमकी कोठून मानायची? ज्यू परंपरेत हा प्रश्न दरवर्षी एका ठरावीक महिन्यात उभा राहतो. तिश्री महिन्याच्या आरंभी येणाऱ्या रोश हशाना या नववर्षाआधीचा एलूल हा तो महिना होय. या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून योम किप्पूर या प्रायश्चित्तदिनापर्यंत चाळीस दिवस होतात आणि मोशेच्या सीनाय पर्वतावरील तिसऱ्या, क्षमा मिळवून आणणाऱ्या वास्तव्याशी परंपरेने त्यांचे नाते जोडले आहे.

या चाळीस दिवसांचे जे तत्त्वज्ञान काब्बाला या गूढविद्येने मांडले, त्यात ‘तेशुवा’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. तिचे भाषांतर ‘पश्चात्ताप’ असे केले जात असले तरी शब्दाचा मूळ अर्थ ‘परतणे’ असा आहे. तेराव्या शतकात स्पेनमध्ये प्रकट झालेल्या ‘झोहार’ या ग्रंथाच्या परंपरेत या शब्दाची फोड करून ‘हे या अक्षराचे परतणे’ असा अर्थ लावला गेला. ईश्वरनामात हे अक्षर दोनदा येते. त्यातील शेवटचे ‘मालखुत’ म्हणजे या जगाशी लगटलेल्या ईश्वरी सान्निध्याचे, तर आधीचे ‘बिना’ म्हणजे आकलनाच्या मातृतत्त्वाचे चिन्ह मानले जाते. माणसाच्या चुकीमुळे ईश्वरी अस्तित्वातच फूट पडते आणि माणसाच्या परतण्याने ती सांधली जाते, असा हा विचार आहे. पश्चात्ताप हा येथे व्यक्तीच्या अंतःकरणापुरता व्यवहार उरत नाही. त्याला विश्वरचनेत स्थान मिळते.

सोळाव्या शतकात गालीलातील सफेद येथे इसहाक लुरिया (१५३४–१५७२) यांच्या शिकवणीने या विचाराला नाट्यरूप दिले. तिच्यानुसार ईश्वरी पुरुषतत्त्व आणि स्त्रीतत्त्व हे वर्षारंभी पाठीला पाठ लागलेल्या अवस्थेत असतात. ती जोडलेली असूनही परस्परांना पाहू शकत नाहीत. त्यांना प्रथम विलग करावे लागते आणि मगच ती समोरासमोर येतात. चिकटलेपण म्हणजे जवळीक नव्हे आणि दुरावा हा प्रत्येक वेळी तुटलेपणा नसतो, ही या प्रतिमेतील नैतिक सूचना कोणत्याही मानवी संबंधाला लागू पडणारी आहे.

मूळ अडचणीला काब्बालाने दिलेले उत्तर ‘खालून होणारी जाग’ आणि ‘वरून होणारी जाग’ या जोडीत सापडते. एलूल या नावाची चार हिब्रू अक्षरे म्हणजे ‘गीतरत्ना’तील एका वचनाची आद्याक्षरे होत, अशी जुनी व्युत्पत्ती आहे. त्या वचनात प्रियकर-प्रिया परस्परांचे असल्याचे सांगितले आहे. परंतु आरंभ ‘मी’पासून होतो. पहिले पाऊल माणसाने टाकायचे, असा त्यावरून निघणारा अर्थ. मात्र ते पाऊल टाकण्याचे बळ कोठून येते? हसीद परंपरेतील ल्यादीचे श्नेऊर झाल्मन (१७४५–१८१२) यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला. एलूलमध्ये करुणेचे तेरा गुण प्रकाशतात असे मानायचे, तर मग हे दिवस सणाचे का नाहीत? ते रोजच्या कामाचे का? त्यांच्या निधनानंतर १८४८ साली छापल्या गेलेल्या ‘लिक्कुते तोरा’ या ग्रंथात त्याचे उत्तर एका दृष्टान्ताने दिले आहे. राजा नगरात शिरण्यापूर्वी शेतात येतो. तेथे वाटेल त्याने त्याला भेटावे आणि तो सर्वांना प्रसन्न मुद्रेने भेटतो. एकदा तो राजवाड्यात गेला की परवानगीवाचून भेट नाही. शेत हे शेतच राहते, त्याचे मंदिर होत नाही. राजा जवळ येतो, ही देणगी; पण हातातले काम थांबवून वळायचे की नाही, हे शेतकऱ्यावर. देणगी आणि प्रयत्न यांची वाटणी येथे अशी झाली आहे की, एकाने दुसऱ्याला रद्द करू नये.

हा दृष्टान्त ज्या वर्षी छापला गेला, त्याच वर्षी अलिबागेत ‘मागेन आबोथ’ हे प्रार्थनामंदिर उभे राहिले. या दोन घटनांत कार्यकारणभाव नाही. परंतु दोहोंमधील अंतर विचार करण्याजोगे आहे. अलिबागच्या उत्तरेस किहीम आणि नवगाव ही गावे आहेत. गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया नवगावच्या किनाऱ्याला लागल्या आणि त्यांच्यापासून बेने इस्रायल समाज वाढला, अशी त्या समाजाची आख्यायिका. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांच्याकडे ना झोहार होता, ना लुरियांची शिकवण. हिब्रू भाषाही लोपली होती आणि ‘शेमा’ हे श्रद्धावचन तेवढे मुखी उरले होते. ज्या किहीमवरून हाईम सॅम्युएल किहीमकरांचे आडनाव आले, त्या परिसरातील हे जीवन त्यांच्या इतिहासग्रंथात नोंदले गेले आहे. १८९७ साली लिहून पूर्ण झालेला हा ग्रंथ १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

त्यात आलेली सणांची जुनी नावे एखाद्या चिन्हव्यवस्थेसारखी वाचता येतात. रोश हशाना म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारे लावून घेण्याचा दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. एलूलमधील महिनाभराच्या उपवासाला मात्र ‘रमजान’ म्हणत. ‘सण’ हा शब्द गावातल्या मराठीचा, तर ‘रोजा’, ‘रमजान’ हे नंतरच्या फारसी-मुसलमानी सहवासाचे. या नावांत सिद्धान्त नाही, कृती आहे. जी शब्दसंपदा भोवती होती, तिच्यातूनच कृतीला नाव मिळाले. एलूलचा उत्तरार्ध पुष्कळदा भाद्रपदातील पितृपक्षाशी जुळतो. २०२४ साली तर रोश हशाना आणि घटस्थापना एकाच दिवशी, ३ ऑक्टोबरला, आली. म्हणजे शेजारचा गाव जेव्हा पितरांचे ऋण आठवत असे, तेव्हाच हा समाजही आत वळत असे.

येथे काब्बालाचा साधक एक गंभीर आक्षेप घेईल. ‘कव्वाना’, म्हणजे चित्ताची दिशा, नसेल तर कृती निष्प्राण देहासारखी होय. सेफिरांचे ज्ञान नाही, तेरा गुणांचे पठण नाही, अशा उपवासाला तयारी म्हणायचे कशाच्या आधारावर? या आक्षेपाला दोन सोपी उत्तरे संभवतात आणि दोन्ही टाळावी लागतात. बेने इस्रायल हे नकळत काब्बालाच आचरत होते, असे म्हणणे हे पहिले. ते खोटे तर आहेच, शिवाय अपमानकारकही. कारण त्यात किहीमच्या घरातील आचाराला अर्थ देण्यासाठी सफेदहून तो उसना आणावा लागतो. अडाणी भक्ती ही पंडितांच्या विद्येहून श्रेष्ठ, असे म्हणणे हे दुसरे. तसे असते तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कोचीनच्या ज्यूंकडून प्रार्थनाविधी शिकण्याची आणि जोसेफ इझिकिएल राजपूरकरांच्या (१८३४–१९०५) मराठी भाषांतरांतून हिब्रू प्रार्थना समजून घेण्याची ओढ या समाजाला लागली नसती. आपल्याकडे काही कमी आहे, ही जाणीव त्यांनाही होती.

आक्षेपाचे खरे उत्तर कव्वानाच्या व्याख्येतच आहे. दिशा म्हणजे नकाशा नव्हे. नकाशा असूनही माणूस उभा राहू शकतो आणि नकाशावाचून योग्य बाजूला तोंड वळवू शकतो. नकाशाने वाट जवळची होते, चुकणे टळते; पण वळणे हे त्याच्याने होत नाही. हा भेद केवळ तात्त्विक नाही. १९४८ नंतर बेने इस्रायल मोठ्या संख्येने इस्रायलला गेले, तेव्हा विवाहाच्या संदर्भात त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने शंका घेतली. मोठे आंदोलन होऊन १९६४ साली त्यांचे पूर्ण ज्यूपण मान्य झाले. शतकानुशतके दारे लावून उपास करणाऱ्यांना वंशाचे पुरावे मागितले गेले. राजा शेतात भेटतो, असे सांगणाऱ्या परंपरेतच राजवाड्याच्या दारावर परवानगी मागितली गेली, ही यातील विसंगती होय.

तरीही तयारीची अंतिम कसोटी ग्रंथात नाही आणि घराच्या बंद दारातही नाही. मिश्नाचा दंडक स्पष्ट आहे : माणसाने ईश्वराविरुद्ध केलेल्या अपराधांचे परिमार्जन योम किप्पूर करतो, परंतु शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या अपराधाचे नाही, जोवर त्या शेजाऱ्याचे समाधान केले जात नाही. येथे ‘खालून होणारी जाग’ हा शब्दप्रयोग आपली भव्यता टाकून साधा होतो. ज्याचे देणे आहे त्याच्या दारी जाणे, एवढाच त्याचा अर्थ उरतो. दारफाळणीच्या दिवशी बेने इस्रायल जगापासून विलग होत. शिळ्या सणाला दार उघडून दानधर्म करीत आणि एकमेकांच्या भेटी घेत. विलग होणे आणि मग समोरासमोर येणे, हा क्रम लुरियांनी ईश्वरी तत्त्वांविषयी सांगितला; किहीमच्या किनाऱ्यावर तो दोन घरांमधल्या वाटेवर घडत होता. पहिल्याने दुसऱ्याला जन्म दिला नाही. क्षमेला पात्रता लागत नसली तरी समोर माणूस लागतो, ही गोष्ट मात्र दोघांनाही आपापल्या वाटेने उमगली होती. सुरुवातीच्या तार्किक अडचणीचे निराकरण यात होत नाही. फक्त ती सोडवण्याची जागा मनातून उठून शेजारच्या उंबरठ्यावर जाते.