भोपळ्याचा मसाला आणि शरदाचा गंध

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत मेपलची पाने तांबूस होऊ लागली, की बेकऱ्यांतून, कॉफीगृहांतून आणि घरोघरच्या स्वयंपाकघरांतून दालचिनी, सुंठ, जायफळ आणि लवंग यांचा जो संमिश्र दरवळ सुटतो, त्यालाच तेथील माणूस शरद ऋतूचा गंध मानतो. आणि तरीही या चारांपैकी एकही द्रव्य मूळचे त्या मातीतले नाही. भोपळा तेवढा अस्सल अमेरिकेचा. पण फोडी उकडून कुस्करल्या की हाती येतो तो केवळ मऊ, पाणचट, किंचित मातकट गोडवा. त्याला चेतना येते ती जायफळाचा कठीण गर, ज्याच्या छेदावर तपकिरी शिरांची जाळी उमटलेली असते, किसणीवर फिरून त्याचे तेल बोटांना लागते तेव्हा. १७९६ साली हार्टफर्ड येथे प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या पाकपुस्तकात भोपळ्याच्या पुडिंगात जायपत्री, जायफळ व आले घालावयास सांगितलेच आहे. मॅकॉर्मिक कंपनीने १९३४ साली तयार मसाल्याचा डबा विक्रीस काढला, तो या मुरलेल्या रिवाजाच्या भरवशावर.

या सुखामागील इतिहास मात्र सुखद नाही. इंडोनेशियातील ज्या बांदा बेटांवर जायफळ पिके, ती डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान पीटर्सझोन कून याने १६२१ साली जायफळाच्या मक्त्यासाठी तेथील रहिवाशांची कत्तल करून ताब्यात घेतली. आणि १६६७ च्या ब्रेडाच्या तहाने त्यांतील रून हे इवलेसे बेट डचांकडे, तर मॅनहॅटन इंग्रजांकडे कायम झाले. हे विसरून त्या गंधाचा आस्वाद घ्यावा, असे मला वाटत नाही.

आपल्याकडेही भोपळ्याच्या घारग्यांत जायफळ पडते, म्हणजे अमेरिकेचे फळ आणि बांदाचे बीज मराठी कढईत एकत्र येतात, आणि ते आपल्याला परके वाटत नाहीत. आपलेपणा उगमावर अवलंबून नसतो. वर्षानुवर्षे ठरावीक वेळी, ठरावीक माणसांच्या सहवासात एखादी चव जिभेवर आली, म्हणजे ती त्या काळाची होऊन बसते. स्टारबक्सने २००३ साली आणलेल्या भोपळा-मसाल्याच्या ‘लाटे’ या दुधाळ कॉफीत २०१५ पर्यंत भोपळा नव्हताच, तरी लोकांना त्यात शरद ओळखू आला, याचे मला नवल वाटत नाही. आठवणीला मसाल्याची खूण पुरेशी होती.

म्हणूनच या आनंदात प्रतीक्षेचा वाटा फार मोठा आहे, असे मी मानतो. व्यापाराला हे मान्य नसावे. अलीकडे ही लाटे ऑगस्टअखेरीस, अंगाची काहिली होत असतानाच विक्रीस येते. आणि भोपळा शेतात अजून वेलीवरच असतो, पहाटे गारवा नाही, झाडे हिरवीगार आहेत, अशा वेळी घेतलेला तो घोट कितीही मधुर असला, तरी त्यात वर्षभराची ओढ कोठून यावी? ऑक्टोबर लागेपर्यंत थांबणाऱ्या माणसाला तोच पेला निराळा लागतो.