बापाच्या विहिरी



विहीर म्हटली की आपल्याला शोमरोनी स्त्री आठवते. याकोबाच्या विहिरीवर प्रभू येशूने तिच्याजवळ पाणी मागितले, त्यावर आपण कितीतरी प्रवचने ऐकली आहेत. आज याकोबाच्या बापाकडे, इसहाकाकडे जाऊ या. उत्पत्तीच्या पुस्तकाचा २६वा अध्याय घरी काढून वाचा. अब्राहामाच्या काळातल्या विहिरी त्याच्या मृत्यूनंतर पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना दिली. पुढे त्याने नव्या विहिरी खणल्या, तर गरारचे गुराखी पाण्यावरून भांडायला आले. म्हणून एकीचे नाव पडले एसेक, म्हणजे भांडण. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. तिसरीवर मात्र कोणी भांडले नाही. तिचे नाव रहोबोथ, मोकळी जागा.

इसहाकाच्या विहिरी परक्यांनी बुजवल्या. आपल्या वसईतली बावखले कोणी बुजवली?

पावसाचे पाणी बावखलात साठायचे, जमिनीत मुरायचे आणि शेजारच्या विहिरीचे झरे जिवंत ठेवायचे. समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या त्या यामुळे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टँकरवाले आपले पाणी उपसून नेऊ लागले आणि विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो (निधन २०२४) यांच्या हाकेला ओ देऊन आपलीच माणसे रस्त्यावर उतरली. पण पुढे त्यातल्याच काही घरांनी बावखलात भराव टाकला. कोणी बंगल्यासाठी, कोणी गाडी लावायला. जुलै २०१८मध्ये पाणी घरात शिरले तेव्हा आपण पालिकेला बोल लावला. तो चुकीचा नव्हता. पण आपण तेवढ्यावरच थांबलो.

तरुण मुले मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, अशी आपली तक्रार असते. सणाला खुर्च्या मांडायला मात्र तीच मुले लागतात. गेल्या मे महिन्यात आपल्या एका वाडीतली आठ-दहा मुले-मुली बावखल साफ करायची परवानगी मागायला आली. खरे सांगायचे तर आम्हीही आधी ‘पाऊस झाल्यावर बघू’ म्हणालो. पाऊस झाल्यावर गाळ कसा काढणार, हे त्यांनीच आम्हाला विचारले! बावखल दोन चुलत घरांच्या हद्दीवर. एक घर हो म्हणाले, दुसरे नाही. एसेक फार लांब नाही.

अर्धेच बावखल साफ झाले. प्लास्टिक, जलपर्णी, फुटक्या लाद्या निघाल्या. गाळ केळींना घातला. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. आता दर रविवारी मिस्सानंतर दोन मुली गाठी मारलेला दोर घेऊन शेजारच्या पाच विहिरींची पातळी मोजतात आणि वहीत लिहितात. त्यांनी प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: तुमच्या विहिरीवर पंप किती? पुष्कळांना तो आवडला नाही.

घाम गाळायला मुले चालतात, हिशेब विचारायला नकोत, असे कसे चालेल? अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात १९८९-९०च्या सुमारास तरुणांच्याच आग्रहामुळे पोपटराव पवार सरपंच झाले. पुढे त्या गावाने शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही असे ठरवले. तेथे पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि मग पिके ठरवतात. आपल्याकडे पाऊस त्यांच्या कितीतरी पट पडतो, म्हणून हिशेब ठेवण्याची गरज आपल्याला कधी वाटली नाही.

पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर मुले ही वही घेऊन सभागृहात बसतील. विहिरींच्या मालकांनी जरूर यावे. दुसऱ्या चुलत घरालाही प्रेमाचे निमंत्रण आहे. पंपांचा आकडा सांगायला आम्ही चर्चपासून सुरुवात करू. चर्चच्या विहिरीवर दोन पंप आहेत.