झाडाला जिना नसतो

निसर्गाला जात नसते, असं एक वाक्य आहे. शाळेच्या पुस्तकात आहे, कवितेत आहे, व्याख्यानात तर हमखास आहे. वारा सगळ्यांना सारखा, ऊन सगळ्यांना सारखं, झाड सगळ्यांना सारखी सावली देतं. हे वाक्य बोलणारा बहुतेक वेळा सावलीत बसलेला असतो.

मित्रांनो, या वाक्याची एकदा झडती घेतली पाहिजे. ते अगदीच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. ते अर्धं खरं आहे, म्हणून धोक्याचं आहे.

शहरातल्या मध्यमवर्गी माणसाला बालपण आठवलं की झाड आठवतं. झाडावर बांधलेलं घर, शिडी, दुपारची सुट्टी, आजीची हाक. कारध्याच्या आमच्या वस्तीतही झाडं होती आणि झाडावर घरंही होती. आम्ही त्याला मचाण म्हणायचो. पण मचाण खेळासाठी बांधलं जात नसे. दिवाळीच्या आगंमागं धान भरायला आलं की रानडुकरं यायची. पाटलाच्या, सावकाराच्या बांधीवर जागल करायला माणूस लागे. माणसाला मजुरी द्यावी लागते, पोट्ट्याला मूठभर चुरमुऱ्यावर भागतं. म्हणून बापासोबत पोट्टा जागलीला. आडव्या फांद्यांवर बांबू टाकायचे, पळसाच्या मुळ्या ठेचून वळलेल्या दोरीने आवळायचे, वर तणीस अंथरायची. रात्रभर टिनाचा डबा वाजवायचा. धान दुसऱ्याचं, थंडी आपली.

तरी त्या मचाणावर आम्ही घर-घर खेळलोच. हेही सांगितलं पाहिजे. आमचं सगळं बालपण म्हणजे नुसतं रडगाणं होतं असं लिहिणारे लोक आहेत, त्यांना मी मानत नाही. कामाच्या जागेचा खेळ करणं ही आमच्या पोरांची अक्कल होती. सकाळी डुकराच्या भीतीने जागलेले डोळे चोळत आम्ही त्याच बांबूवर राजे व्हायचो. एक जण कलेक्टर, एक जण बॅरिस्टर. बॅरिस्टर कोण होणार यावर मारामारी. कारण तुम्हाला ठाऊक आहे.

झाडाचं शास्त्र आम्हाला पुस्तकाआधी आलं. शेवग्यावर चढायचं नाही, तो दगा देतो. जांभळाची फांदी दिसते जाडजूड पण ठिसूळ, कडकन जाते. चिंच वाकते, मोडत नाही. आंब्याला मुंगळ्यांची घरटी असतात, पानं शिवून केलेली, त्यात हात गेला की माणूस आपोआप खाली. डाबडुबलीच्या खेळात राज्य घेणारा खाली काठी आणायला धावला की बाकीच्यांनी झाडावर पांगायचं. तिथं ज्याला फांदीची जात कळते तो वाचतो. हो, फांदीची जात. ही जात खरी असते, हाताने तपासता येते. माणसाची तशी तपासता येत नाही.

तर मग झाड समान आहे का?

झाडाला जिना नसतो. तुम्हाला ‘मूकनायक’ आठवेल. 31 जानेवारी 1920 च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक मजला म्हणजे एकेक जात, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण. आता कोणी म्हणेल, झाड याच्या उलट आहे. झाडाला जिना नसला तरी फांद्या सगळ्यांना मोकळ्या. ज्याच्या हातापायात दम आहे तो चढेल, नाही तो खाली राहील. यालाच ते गुणवत्ता म्हणतात. 1990 मध्ये मंडल आलं तेव्हा हीच भाषा रस्त्यावर होती. आजही परीक्षेचा निकाल लागला की हीच भाषा चहाच्या टपरीवर ऐकू येते.

हे बोलणारा मोठ्या झाडावर कधी चढलेला नसतो. जुन्या आंब्याची पहिली फांदी माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर असते. तिथपर्यंतचं खोड दोन पोट्ट्यांच्या कवेत मावत नाही. त्यावर पकड नाही, पाय ठेवायला खोबण नाही. खरी चढाई पहिल्या फांदीनंतर सुरू होते, आणि पहिल्या फांदीपर्यंत कोणीच स्वतःच्या बळावर जात नाही. कोणाच्या तरी खांद्यावर पाय द्यावा लागतो. पुढच्या फांद्यांवरचा दम, तोल, हिंमत, ते सगळं ज्याचं त्याचं, मान्य. पण हिशेब पहिल्या फांदीपासून मांडायचा आणि खांद्याचा रकाना कोरा ठेवायचा, ही लबाडी आहे. ज्यांचे आजे-पणजे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या खांद्यावर उभे राहून पहिल्या फांदीवर पोचले, त्यांची पोरं फांदीवरच जन्मतात. ती खाली पाहून म्हणतात, अरे, चढा ना!

खांद्याचीही गंमत ऐका. गावातली पोरं कैऱ्यांच्या दिवसांत आमच्या टोळीत मिसळायची. ‘खांदा दे बे’ म्हणून आमच्या खांद्यावर पाय द्यायला त्यांना विटाळ नव्हता. पण वर गेल्यावर आमच्यातल्याने हात वर केला की तो हात धरायला विटाळ. पायाला खांदा चालतो, हाताला हात चालत नाही. मनुस्मृती वाचायच्या आधी मनुस्मृती कळते ती अशी.

दुसरी गोष्ट उंचीची. शेंड्यावरून काय दिसायचं? वैनगंगा दिसायची, पूल दिसायचा, पुलापलीकडे भंडारा. त्याच भंडाऱ्याने 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं, हे म्हातारे लोक त्या दिशेला बोट करून सांगत. पण खरं दिसायचं ते गाव. खालून गाव म्हणजे गल्ल्या, भिंती, दारं. वरून गाव म्हणजे नकाशा. विहीर कुठं, देऊळ कुठं, मधला मोकळा पट्टा कुठं आणि त्या पट्ट्यानंतर आमची कवेलूची घरं कुठं. हे आपोआप झालेलं नाही, कोणीतरी आखलेलं आहे, हे वरूनच कळतं. म्हणून आमचं वर असणं खपत नसे. ‘काहून बे, वरून काय पाहून राह्यला? उतर खाली!’ कारण सांगायचे, बायाबापड्यांच्या अंगणात डोकावतात म्हणून. आमच्या बायांच्या अंगणात गावाचे डोळे रोज फिरत, त्याला झाड लागत नव्हतं.

उंची हा गुन्हा आहे, हे वाक्य मी सजवून लिहीत नाही. घोड्यावर बसलेल्या आमच्या नवरदेवाला खाली ओढतात, त्याच्या बातम्या तुम्ही वाचता. आणि झाड? 28 एप्रिल 2014 ला नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात नितीन आगे या 17 वर्षांच्या पोराला मारून झाडाला लटकवलं. 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावात, शेळी आणि कबुतरं चोरल्याच्या नुसत्या संशयावरून दलित तरुणांना झाडाला उलटं टांगून मारलं. आपल्या पायाने वर गेलो तर उतर म्हणतात. दोरीने मात्र तेच वर टांगतात. झाड काही बोललं नाही. झाड बोलत नसतं. 1917 मध्ये बडोद्यात पारशी खानावळीतून हाकललेल्या बाबासाहेबांनी कामाठी बागेत पाच तास काढले, त्यांनाही झाडांनी सावली दिली. राहायला खोली मात्र कोणा माणसानेच द्यायची होती, ती मिळाली नाही. सावलीत बसून समता मिळत नाही एवढाच त्याचा अर्थ. निसर्गाला जात नसते हे खरं, पण निसर्गाला न्यायही नसतो. न्याय माणसालाच करावा लागतो.

पोरींचं एका परिच्छेदात उरकतो आहे, हा लेखाचा दोष आहे. आमच्या वस्तीतल्या पोरी दहा-अकरा वर्षांपर्यंत आमच्याहून सरस चढत. मग एक दिवस माय म्हणे, आता पुरे. वर जाणाऱ्याला ‘उतर’ म्हणणारा आवाज फक्त गावातून येत नाही, घरातूनही येतो. यावर एखाद्या बहिणीने सविस्तर लिहावं.

आता मूळ प्रश्नाला येतो. तो गावाला विचारायचा नाही, आपल्याला विचारायचा आहे. प्रत्येक जण कोणाच्या तरी खांद्यावरून वर जातो, तर शेवटी एक जण खालीच उरतो. त्याला खांदा द्यायला कोणी उरलेलं नसतं. आमच्या टोळीत तो बहुधा मांगवाड्यातला एक दणकट पोट्टा असे. दणकट म्हणून खांदा द्यायला तोच बरा, असं ठरलेलं. सगळे वर गेले की तो ओरडे, ‘मले कोन घेईन वर?’ वरचे कैऱ्यांत रंगलेले. मग कोणाला तरी पळसाच्या दोरीची आठवण व्हायची. फांदीला एक वेढा मारून दोरी खाली सोडायची आणि तिघा-चौघांनी ओढायचं. एकट्याने ओढून तो येत नसे.

1956 मध्ये आग्र्याला बाबासाहेब शिकलेल्यांवर चिडले होते ते याच दोरीसाठी. ती तक्रार आपण साहेब झालेल्यांच्या तोंडावर फेकतो, बरोबर करतो. पण 1 ऑगस्ट 2024 ला सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायाधीशांनी सहा विरुद्ध एक मताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला वाट मोकळी केली, तेव्हापासून आपल्या बैठकांत काय चाललंय? फोडा आणि झोडा, सरकारचा डाव, एकी मोडेल. डाव असेल. सरकारच्या हेतूवर माझा काडीचा विश्वास नाही. जागा रिकाम्या ठेवायच्या, खासगीकरण करायचं, आणि उरलेल्या भाकरीच्या वाटणीवरून आपल्याला भांडत ठेवायचं, हे मला दिसतं. तरी एक विचारतो. मांग, मेहतर, ढोर, होलार या वस्त्यांतला पोट्टा खालून ‘मले कोन घेईन’ म्हणतो, तेव्हा त्याला ‘तू सरकारचा माणूस’ हे उत्तर कसं देता येईल? कोर्टाने सांगायच्या आधी दोरी आपण का सोडली नाही? पुढच्या बैठकीत या विषयावर बोलायला आधी त्यांच्यातल्या कार्यकर्त्याला उभं करा. आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.