राष्ट्रगीत : ग्वाही आणि पुरावा

'ग्वाही' आणि 'पुरावा' हे दोन शब्द आपण बोलताना पुष्कळदा एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत मूलभूत फरक आहे. ग्वाही माणूस स्वतःहून देतो. पुरावा दुसरा मागतो, आणि तो मागतो तेव्हा त्याच्या मनात शंका असते. फारसीतून मराठीत येऊन इथलाच होऊन गेलेला हा 'ग्वाही' शब्द मला म्हणूनच आवडतो. राष्ट्रगीत म्हणणे ही ग्वाही आहे की पुरावा, असा प्रश्न मला विचारावासा वाटतो. गाणाऱ्याचे ओठ दोन्ही वेळा सारखेच हलतात. फरक असतो तो गाणाऱ्याच्या मनात आणि ऐकणाऱ्याच्या नजरेत.

या प्रश्नाचा एक धडा आमच्याच शहराच्या इतिहासात आहे. १९३८ साली आजचे छत्रपती संभाजीनगर हे निजामाच्या हैदराबाद संस्थानातले औरंगाबाद होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये इथल्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. हे गीत राजकीय आहे, इतरांच्या भावना दुखावणारे आहे, असे म्हणून अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थी मागे हटले नाहीत. हे लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात पोचले, तिथेही बंदी आली आणि शेकडो विद्यार्थ्यांना शिक्षणावर पाणी सोडावे लागले. पुढे नागपूर विद्यापीठाने त्यांना दार उघडले. त्या विद्यार्थ्यांमध्ये पुढे देशाचे पंतप्रधान झालेल्या पी. व्ही. नरसिंह राव यांचेही नाव घेतले जाते.

हा इतिहास मुसलमान वाचकाने मोकळ्या मनाने वाचला पाहिजे. राज्यकर्ता आपल्या धर्माचा होता म्हणून त्याची बंदी न्याय्य ठरत नाही. ज्या मुलांनी आपल्या मनातले गाणे गायिले, त्यांच्यावर अन्याय झाला. 'वंदे मातरम्'च्या पुढच्या कडव्यांविषयी मुसलमानांना जी अडचण वाटते ती खरी आहे. त्यांत मातृभूमीला देवीचे रूप दिले आहे. काँग्रेस कार्यकारिणीनेही ऑक्टोबर १९३७ मध्ये ती अडचण मान्य केली आणि राष्ट्रीय सभांतून पहिली दोनच कडवी म्हणावीत असे ठरवले. परंतु एखादे गीत मला म्हणता येत नाही, एवढ्यावरून दुसऱ्याने ते म्हणू नये असे ठरत नाही. १९३८ च्या मुलांची बाजू आपण मनापासून घेतली, तरच गप्प उभ्या राहणाऱ्या मुलाची बाजू घेण्याचा नैतिक अधिकार आपल्याला मिळतो. गाण्यावरची बंदी आणि गाण्याची सक्ती या दोन्हींत सत्ता माणसाच्या जिभेवर हक्क सांगत असते.

देश स्वतंत्र झाला त्या रात्रीचे चित्र मात्र वेगळे होते. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री घटना समितीची बैठक भरली. आरंभी सुचेता कृपलानींनी 'वंदे मातरम्' गायिले. शेवटी इक्बालांच्या 'सारे जहाँ से अच्छा'मधल्या काही ओळी आणि 'जन गण मन'चे पहिले कडवे झाले. एका रात्री, एका सभागृहात, तीन गाणी! एक बंकिमचंद्रांचे, एक रवींद्रनाथांचे आणि एक उर्दूतले. देशाची फाळणी होत असताना, रक्त सांडत असतानाही त्या सभागृहाला उर्दू तराणा परका वाटला नाही. उर्दू शाळेतल्या शिक्षकाने ही गोष्ट वर्गात दरवर्षी सांगावी, इतकी ती मोलाची आहे.

'जन गण मन'चा स्वतःचा प्रवासही असाच आहे. २७ डिसेंबर १९११ रोजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात ते पहिल्यांदा गायिले गेले. जानेवारी १९१२ मध्ये 'तत्त्वबोधिनी पत्रिके'त ते छापून आले ते ब्रह्मसंगीत म्हणून, म्हणजे एकेश्वरवादी ब्राह्मो समाजाचे भजन म्हणून. पंचम जॉर्ज त्याच महिन्यात हिंदुस्थानात आले होते आणि अधिवेशनात त्याच दिवशी राजाच्या स्तुतीचे एक निराळे गीतही म्हटले गेले. वर्तमानपत्रांच्या बातम्यांत घोटाळा झाला आणि रवींद्रनाथांचे गीत राजाची आरती आहे असा समज पसरला. तो अजून पुरता गेलेला नाही. १९३७ साली एका पत्रात खुद्द कवीने तो खोडून काढला. गीतातला भाग्यविधाता कोणी जॉर्ज असूच शकत नाही, तो युगानुयुगे मानवाचा रथ हाकणारा आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

एकदा सातवीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले, "सर, ये अधिनायक कौन है?" मुलांच्या घरी दख्खनी बोलतात, बाहेर मराठी, आणि गीत आहे संस्कृतप्रचुर बंगालीत. मी त्याला रवींद्रनाथांचा खुलासा सांगितला. तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "मग ही तर दुआ झाली." मला त्यात दुरुस्ती करण्यासारखे काही दिसले नाही. शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलालाही हे शब्द समजून घ्यावे लागतात. महाराष्ट्रातल्या फारशा कोणाच्या घरात ही भाषा बोलली जात नाही, त्यामुळे तिच्यापुढे ही सगळी मुले सारखीच असतात. मला हा या गीताचा एक गुणच वाटतो.

याच हैदराबाद संस्थानातल्या एका मुसलमानाचे नाव या गीताच्या इतिहासात आहे, आणि ते आपल्या मुलांना फारसे ठाऊक नसते. आबिद हसन सफरानी. १९४३ साली सुभाषबाबूंबरोबर जर्मन पाणबुडीतून पूर्वेकडे निघालेला हा हैदराबादी तरुण. 'जय हिंद' हे अभिवादन त्यांनीच सुचवले. आझाद हिंद सरकारसाठी 'जन गण मन'चे सोप्या हिंदुस्थानीत रूपांतर झाले, त्यात मुमताझ हुसेन यांच्याबरोबर त्यांचा वाटा होता. संस्थानाने एका गीतावर बंदी घातली आणि त्याच संस्थानाच्या सुपुत्राने दुसरे गीत फौजेच्या ओठांवर ठेवले. सफरानींकडे पुरावा कोणी मागितला नव्हता. ती त्यांची ग्वाही होती.

२४ जानेवारी १९५० रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी घटना समितीत निवेदन करून 'जन गण मन' हे राष्ट्रगीत जाहीर केले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान दिला. यासाठी मतदान झाले नाही. पुढे १९७१ चा कायदा आला. राष्ट्रगीतात मुद्दाम अडथळा आणणाऱ्याला त्याने शिक्षा ठेवली. १९७६ साली राष्ट्रगीताचा आदर हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. हे मला योग्यच वाटते. आदर ही बाहेर दिसणारी वागणूक आहे आणि ती मागण्याचा समाजाला हक्क आहे.

पण आदराची हद्द कुठे संपते? १९८५ साली केरळमधील तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. ती ख्रिस्ती धर्मातील यहोवाचे साक्षीदार या पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी ती नीट उभी राहत, पण त्यांच्या श्रद्धेनुसार गात नसत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणे हा आदरच आहे आणि बोलण्याच्या स्वातंत्र्यात न बोलण्याचेही स्वातंत्र्य येते, असा त्या निकालाचा अर्थ. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने याच पंथाच्या मुलांना ध्वजवंदनाच्या सक्तीतून १९४३ साली, म्हणजे ऐन महायुद्धात, मोकळे केले होते. आपल्याकडे ३० नोव्हेंबर २०१६ रोजी चित्रपटगृहांत राष्ट्रगीत सक्तीचे झाले. ९ जानेवारी २०१८ रोजी न्यायालयाने स्वतःच ती सक्ती मागे घेतली.

यावर एक आक्षेप येतो. अशी सूट दिली तर उद्या कोणीच गाणार नाही, मग देश एकत्र कसा राहणार? आक्षेप गंभीर आहे. एकत्र गायिल्याने माणसे एकत्र येतात हे मी रोज परिपाठाला पाहतो. पण आम्हाला मदरशात आणि घरात लहानपणीच शिकवले जाते की कर्माचे मोल नीयतीवर ठरते आणि धर्मात जबरदस्ती नाही. भीतीने पढलेली नमाज दाखवण्यापुरती उरते, हे आपण आपल्या मुलांना सांगतो. मग राष्ट्रप्रेमाला हा नियम का लागू होऊ नये? ज्याला देशाचा घात करायचा आहे तो गीत सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हणेल. म्हणजे सक्तीने गद्दार सापडत नाही. तिच्यात अडकतो तो प्रामाणिकच.

माझे विद्यार्थी राष्ट्रगीत म्हणतात, खड्या आवाजात म्हणतात, आणि मीही म्हणतो. कुराणाच्या शिकवणीत त्याला मला कुठेच आडकाठी दिसत नाही. ज्या मुसलमानाला संकोच वाटतो त्याने गीताचा अर्थ आणि इतिहास एकदा वाचावा, एवढीच माझी विनंती आहे. पण आमच्या शाळेचा आवाज रस्त्यापर्यंत पोचतो की नाही हे कोणी कान लावून ऐकत असेल, तर त्या ५२ सेकंदांत काहीतरी हरवते. मुले तीच असतात, चालही तीच असते, पण ग्वाहीचा पुरावा होऊन जातो. १९३८ साली औरंगाबादच्या वसतिगृहातल्या मुलांनी गायिले तेव्हा त्यांना गाण्याचा हुकूम कोणी दिला नव्हता, म्हणून ते गाणे त्यांचे होते. आमच्या मुलांचे राष्ट्रगीतही तसेच, त्यांचे स्वतःचे, राहू द्यावे.