रायबाचे लग्न

तानाजी मालुसऱ्याची गोष्ट ज्याला ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकातून ती आपल्या मनात शिरते आणि जन्मभर तेथेच मुक्काम करते. मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेला बाप कोंढाण्याची कामगिरी अंगावर घेतो, घरचे कार्य बाजूला ठेवतो आणि १६७० सालच्या माघातल्या त्या काळोख्या रात्री गड घेता घेता पडतो. वर्गात ही गोष्ट सांगू लागले की मुलांचे डोळे कड्यावर आणि दोरावर खिळतात. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत एकाही मुलाने मला विचारले नाही, की गुरुजी, मग रायबाच्या लग्नाचे काय झाले?

परंपरेने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे. महाराजांनी स्वतः उभे राहून रायबाचे लग्न लावून दिले, असे ती सांगते. गोष्टीचा हा उत्तरार्ध आपण घाईघाईने उरकतो. मला मात्र अलीकडे वाटू लागले आहे की सारी नीती या उत्तरार्धातच साठवलेली आहे.

असे वाटण्याचे निमित्त अगदी साधे, खेळाचे आहे. आमच्या कोरपना भागात दिवाळी आटोपली, कापसाची वेचणी सुरू झाली, की गावोगावी कबड्डीच्या सामन्यांचे वेध लागतात. रात्री दिव्यांच्या उजेडात मैदान आखले जाते आणि म्हाताऱ्या माणसांनाही घरात बसवत नाही. याच दिवसांत पहाटेच्या धुक्यात डांबरी रस्त्यावरून धावणारी पोरेही दिसतात. ती पोलीस भरतीची तयारी करीत असतात. १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि गोळाफेक ही तीन दारे ओलांडली तरच पुढच्या लेखी परीक्षेचे दार उघडते. आता गावातला चढाईचा सर्वांत चपळ गडी आणि भरतीला निघालेला पोरगा हे पुष्कळदा एकच असतात. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी तो म्हणतो, ‘‘मी खेळत नाही. पकडीत गुडघा गेला तर वर्षाची मेहनत वाया जाईल.’’ की लगेच पारावर निकाल लागतो : पोरगा मतलबी निघाला, गावाचे नाव बुडवले!

हाच निकाल मोठ्या पारावरही लागतो. २०२४ च्या फेब्रुवारीत रणजी करंडकाचा मुंबई विरुद्ध बडोदा हा उपउपांत्य सामना होता. मुंबईचा फलंदाज श्रेयस अय्यर पाठदुखीचे कारण सांगून त्यात उतरला नाही. महिन्याभराने आयपीएलचा हंगाम सुरू व्हायचा होता आणि कोलकात्याच्या संघाने २०२२ च्या लिलावात त्याला सव्वाबारा कोटी रुपयांना घेतलेले होते. रणजीचे मानधन २०२१ च्या दराने अनुभवाप्रमाणे दिवसाला चाळीस ते साठ हजार. लोकांनी ही दोन टोके जोडली आणि निष्कर्ष काढून टाकला. २८ फेब्रुवारीला क्रिकेट मंडळाने वार्षिक करार जाहीर केले, त्यांत अय्यरचे आणि झारखंडच्या ईशान किशनचे नाव नव्हते. कारण उघड लिहिले नव्हते. पण देशासाठी खेळत नसाल तेव्हा देशांतर्गत सामन्यांना प्राधान्य द्या, अशी शिफारस त्याच निवेदनात होती. समजायचे ते सगळे समजले.

आता याच अय्यरच्या पाठीवर २०२३ साली शस्त्रक्रिया झाली होती, त्यापायी त्याचा आयपीएलचा एक अख्खा हंगाम बुडाला होता, हे त्या गदारोळात फारसे कोणी आठवले नाही. दुसऱ्याची पाठ किती दुखते हे मोजण्याचा काटा अजून निघालेला नाही. तरी पण घटकाभर असे धरून चालू, की एखादा खेळाडू खरोखरच धडधाकट आहे आणि केवळ पुढच्या कमाईसाठी अंगाला जपतो आहे. मग तो दोषी ठरतो का?

या प्रश्नाचे सर्वांत उघडेवाघडे रूप पाहायचे तर अमेरिकेत जावे लागेल. तिथला फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंगाला अंग भिडवून, धडक देऊन खेळण्याचा तो दांडगा खेळ. तिथल्या विद्यापीठांचे संघ हंगामाच्या शेवटी ‘बाऊल’ नावाचे मानाचे सामने खेळतात. त्यांतल्या बहुतेकांवर अजिंक्यपद अवलंबून नसते. असतो तो मान, उत्सव आणि तिकिटांचा व दूरचित्रवाणीचा मोठा पैसा. २०१६ च्या १ जानेवारीला अशाच एका सामन्यात नोत्र दाम विद्यापीठाचा जेलन स्मिथ हा खेळाडू गुडघ्याला जबर दुखापत होऊन पडला. व्यावसायिक संघांच्या निवडीत तो अगदी वरच्या पाचांत जाईल असे बोलले जात होते. तो गेला चौतिसावा. पुढचा सारा हंगाम त्याला खेळता आले नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात लिओनार्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या दोघा नामांकित खेळाडूंनी जाहीर केले, की आम्ही आमच्या विद्यापीठाचा शेवटचा सामना खेळणार नाही. मोठे काहूर उठले. निष्ठा संपली, संघभावना मेली, असे लिहिले गेले. गंमत अशी, की दोघांचेही संघ त्यांच्यावाचून आपापले सामने जिंकले. आणि पुढच्या वर्षीच्या निवडीत फोर्नेट चौथा व मॅकॅफ्री आठवा गेला.

निष्ठेचा हा गजर करणाऱ्यांत कोण कोण होते हे पाहिले म्हणजे रायबाची आठवण होते. या सामन्यांतून विद्यापीठांना उत्पन्न होत होते, प्रशिक्षकांना गलेलठ्ठ पगार मिळत होते. खेळणाऱ्या पोराला मात्र शिष्यवृत्तीपलीकडे आपल्या खेळावर पैसा मिळवण्याची बंदी होती. स्वतःच्या नावावर चार पैसे मिळवण्याची मुभा त्याला २०२१ च्या जुलैत मिळाली, आणि विद्यापीठांनी आपल्या उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूला द्यायला २०२५ साल उजाडले. म्हणजे कोंढाणा जिंकायला पाठवणारे पुष्कळ होते. रायबाच्या लग्नाचे नाव काढले की सगळ्यांच्या माना खाली!

मला वाटते, त्याग मागण्याचा अधिकार फुकट मिळत नाही. ज्याने तो मागायचा, त्याने त्याग करणाऱ्याच्या मागे उरणारा संसार उचलण्याची तयारी ठेवायची असते. ती तयारी नसताना केलेल्या मागणीला त्यागाचे आवाहन म्हणत नाहीत, खंडणी म्हणतात. पारावरचे जे गृहस्थ त्या पोराला मतलबी म्हणतात, त्यांना मी एवढेच विचारीन : त्याचा गुडघा गेला तर वर्षभर त्याच्या घरची चूल तुमचे मंडळ पेटवील का? भरतीच्या मैदानावर त्याच्याऐवजी १६०० मीटर कोण धावेल?

पण इथेच थांबलो तर वाचक म्हणतील, गुरुजींनी मतलबाला मोकळे रान दिले. तसे नाही. खेळाडूच्या खात्यावरही काही देणे असते, आणि ते प्रेक्षकाचे नसून सोबत्यांचे असते. चढाईचा गडी चपळ झाला, कारण इतर सहा जण रोज संध्याकाळी त्याला पकडायला अंग झोकून देत होते. त्यांचेही गुडघे हाडामांसाचेच. ज्यांनी धोका वाटून घेतला, त्यांना विचारण्याचा हक्क आहे. आणि त्यांच्यापाशी सबबी सांगणे, दुखत नसताना दुखते म्हणणे, जागा अडवून धरून अखेरच्या घटकेला अंग काढून घेणे, हे मात्र मी अनीतीचे समजतो. ‘मी येणार नाही’ हे वेळेवर आणि तोंडावर सांगितले म्हणजे निदान दुसऱ्या कोणाला तरी तयार होता येते.

महाभारतात बलरामाने हेच केले. युद्ध सुरू होण्यापूर्वीच त्याने आपला नकार स्वच्छ सांगितला आणि तो तीर्थयात्रेला निघून गेला. त्याला कोणी भित्रा म्हटले नाही. पण शेवटच्या दिवशी तो परत आला, भीम-दुर्योधनाचे गदायुद्ध त्याने पाहिले, आणि मांडीवरचा तो घाव अधर्माचा म्हणून रागाने नांगर उगारून धावला. त्याचे म्हणणे खरे होते. तरी त्या दिवशी त्याच्या शब्दाने काही घडले नाही. अठरा दिवस जो रणात नव्हता, त्याच्या शब्दाला रणात कितीसे वजन राहणार? दूर राहण्याची किंमत ही अशी मोजावी लागते. सामना सोडणाऱ्याने अंग राखावे, खुशाल राखावे. मात्र विजयाच्या मिरवणुकीत पुढच्या रांगेत उभे राहू नये, आणि हरलेल्यांना शहाणपण शिकवू नये.

आणखी एक गोष्ट अशा हिशेबात सुटून जाते. एकाला जी पायरी वाटते, ती दुसऱ्याचे शिखर असते. बडोद्याविरुद्धच्या त्याच सामन्यात मुशीर खान या अठरा वर्षांच्या पोराने नाबाद २०३ धावा केल्या, आणि दहाव्या व अकराव्या क्रमांकावर आलेल्या तनुष कोटियन व तुषार देशपांडे यांनी शतके ठोकली. अय्यरही उपांत्य सामन्यापासून परतला. मार्चमध्ये वानखेडेवर आमच्या विदर्भाशी अंतिम सामना झाला, तेव्हा दुसऱ्या डावात त्याने ९५ धावा केल्या. विदर्भापुढे ५३८ धावांचा डोंगर उभा होता. तो चढणे अशक्यच. तरी कर्णधार अक्षय वाडकरने शतक झळकावले, हर्ष दुबेने ६५ धावा केल्या, आणि पाचव्या दिवसापर्यंत झुंजून विदर्भ १६९ धावांनी हरला. त्या शतकाने वाडकरला कोणत्या लिलावात किती भाव मिळेल, हा विचार त्या वेळी कोणाच्या मनाला शिवला नाही. पुढच्याच हंगामात, २०२५ च्या मार्चमध्ये, त्याच वाडकरच्या हाती नागपुरात रणजी करंडक आला.

असे खेळणे पाहिले म्हणजे मन भरून येते, आणि का भरून येते हेही कळते. ते कोणी मागितलेले नसते. मंडळ करार काढून घेऊ शकते, नियम करू शकते, दंड ठोठावू शकते. त्याने माणूस मैदानावर हजर होईल, पण वाडकरसारखा झुंजेल याची हमी कोणता नियम देणार? हजेरी सक्तीने घेता येते. जीव ओतणे ज्याचे त्यालाच द्यावे लागते, आणि न देण्याची मोकळीक होती म्हणूनच त्या देण्याला मोल येते.

खेळाचे राहू द्या. दिवाळीच्या दिवसांत घर भरलेले असते. आपल्याच घरात थोडे डोकावून पाहू. धाकट्याच्या शिक्षणासाठी जिने सातवीतून शाळा सोडली अशी एखादी थोरली बहीण, वडिलांमागे शेत सांभाळायला म्हणून जो कायमचा मागे राहिला असा एखादा भाऊ, पुष्कळ घरांत असतो. त्यांच्या त्यागाचे कौतुक फराळाच्या ताटावर दरवर्षी होते. बहीण ओवाळते, ताटात ओवाळणी पडते, सगळ्यांचे डोळे पाणावतात. त्यांच्याकडून तो त्याग कोणी मागितला होता, आणि मागताना त्यांच्या वाट्याचे काय उचलायचे ठरले होते, हे मात्र कोणी काढीत नाही. यंदा ओवाळून झाल्यावर तेवढे एक काढावे. तिची मुलगी यंदा दहावीला असेल. त्याच्या बांधावरच्या विहिरीचे काम पैशावाचून अडले असेल. गड तर केव्हाच हाती आला आहे. रायबा अजून मांडवात ताटकळत उभा आहे.