ओळखीचे कर्तव्य

झाशीच्या रेल्वे स्थानकापासून जवळच सीपरी बाजार आहे. शिवपुरीचे जुने नाव सीपरी. त्यावरून या बाजाराला हे नाव मिळाले. तेथील किराणा मालाच्या दुकानात 'छरीला' मागितला, तर दुकानदार पोत्यातून करड्या-काळ्या, चुरगळलेल्या कागदासारख्या पापुद्र्यांची ओंजळ काढून तागडीत टाकतो. पेशवाईच्या काळापासून झाशीत राहिलेल्या मराठी घराण्यांत त्यालाच दगडफूल म्हणतात आणि त्याच्यावाचून गोडा मसाला पुरा होत नाही. वाचकहो, आपल्याही स्वयंपाकघरातील एखाद्या डब्यात ते असेलच. परंतु ते नेमके काय आहे, असा प्रश्न आपण कधी केला आहे काय?

ते फूल नाही, हे उघड आहे. ते नेहमी दगडावरच वाढते असेही नाही. बाजारात येणारे बरेचसे दगडफूल झाडांच्या सालीवरून काढलेले असते. ते एक झाडही नाही. कवक आणि शैवल अशा दोन अगदी भिन्न जीवांचा तो एकत्र संसार आहे. कवक घर बांधते व ओलावा धरून ठेवते. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्याला 'शैवाक' म्हणतात आणि त्या शब्दात दोघांच्याही नावांचा अंश ऐकू येतो. सिमोन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० नंतरच्या दशकात हे द्वैत प्रथम ठामपणे मांडले, तेव्हा त्या काळच्या नामांकित अभ्यासकांनी त्याची थट्टा केली. विल्यम नायलांडर हा त्यांतील एक अग्रणी. शैवाके ओळखण्यासाठी रसायनांचा उपयोग करण्याची रीत त्यानेच रूढ केली होती. तरीही एका देहात दोन जीव असतील हे त्याने अखेरपर्यंत मानले नाही. पुढे २०१६ साली असे दिसून आले की, कित्येक शैवाकांच्या वरच्या थरात किण्वासारखे आणखी एक कवकही राहते. दीडशे वर्षे सूक्ष्मदर्शकाखाली असलेल्या वस्तूतून तिसरा रहिवासी बाहेर आला!

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे आपल्याला केवळ चवीपुरते हवे आहे, किंवा मुळीच नको आहे, त्याची नीट ओळख करून घेणे हे आपले कर्तव्य आहे काय? की ओळख ही मूठभर विद्वानांची हौस आहे आणि बाकीच्यांनी तिच्यावाचून सुखाने जगावे?

उत्तर देण्यापूर्वी ओळख पटविणे म्हणजे काय, ते पाहू. सीपरी बाजारातील त्या ओंजळीत एकच जात असते असे नाही. भारतात दगडफूल म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात पार्मोट्रेमा पर्लाटम असते, पार्मोट्रेमा टिंक्टोरम असते आणि इतरही जाती मिसळलेल्या असतात. सुकलेल्या ढिगात साध्या डोळ्यांना त्या सारख्याच भासतात. भिंगातून पाहिले म्हणजे एकीच्या कडांवर पिठासारखी भुकटी दिसते, तर दुसरीच्या पृष्ठावर बारीक कणांसारखे उंचवटे दिसतात. वरचा थर नखाने किंचित खरवडून आतल्या पांढऱ्या भागावर विरंजक द्रावाचा एक थेंब सोडला, तर टिंक्टोरम लाल होते. पर्लाटमचा रंग बदलत नाही. डोळ्यांना एकच वाटणाऱ्या दोन जीवांची साक्ष एका थेंबाने वेगळी होते.

याहून कठीण उदाहरणे आहेत. सह्याद्रीतील झाडांच्या गुळगुळीत सालीवर काळ्या शाईने काही लिहिल्यासारखी अक्षरे दिसतात. त्या शैवाकांना ग्राफिस हे नाव लेखन या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून मिळाले आहे. ही लिपी वरवर पाहून वाचता येत नाही. त्या रेघेचा पातळ छेद घ्यावा लागतो, आतील बीजाणूंचे कप्पे मोजावे लागतात, त्यांचा रंग व लांबी पाहावी लागते आणि आयोडीन लावून त्याचा परिणाम तपासावा लागतो. बाहेरून एकच अक्षर, आत मात्र निराळा अर्थ! शिवाय शैवाकांवर वाढणारी वेगळी सूक्ष्म कवके असतात. ती बहुधा काळ्या ठिपक्यांच्या रूपात दिसतात, आणि ती त्या शैवाकाचीच फळे आहेत असे समजून पाहणारा सहज फसतो. शेवाळाची गोष्ट तर आपल्या भाषेतच अडली आहे. विहिरीच्या पाण्यावरील हिरवा थर आणि पावसाळ्यात भिंतीवर उठणारी मखमल, दोहोंना आपण 'शेवाळ' म्हणतो; वास्तविक ती वनस्पतींची दोन दूरची कुळे आहेत. भिंतीवरील शेवाळाची जात ठरविण्यासाठी त्याची पाने भिजवून उलगडावी लागतात, आणि पुष्कळदा बारीक देठावरील बीजाणूंची कुपी येईपर्यंत थांबावे लागते.

थांबावे लागते, हा शब्द मनात ठेवण्याजोगा आहे. पवित्र शास्त्राच्या भाषांतरकारांना तो चांगला परिचित आहे. शलमोनाने गंधसरूपासून भिंतीवर उगवणाऱ्या एजोबापर्यंत वनस्पतींचे वर्णन केले, असे राजांच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. हे एजोब कोणते? अठराव्या शतकात पॅलेस्टाइनात हिंडलेल्या फ्रेडरिक हॅसलक्विस्ट या लिनियसच्या शिष्याने ते भिंतीवरील एक इवलेसे शेवाळ असावे असे सुचविले. आजचे बहुतेक अभ्यासक ते मरव्याच्या जातीचे सुगंधी झुडूप मानतात. मराठी भाषांतरकारांनी मूळ हिब्रू शब्दच 'एजोब' असा ठेवला. जेथे खात्री नाही तेथे आपल्या अंगणातील एखाद्या झाडाचे नाव बळेच चिकटविण्यापेक्षा परके नाव परकेच राहू देणे, ही भाषेची एक प्रामाणिक रीत आहे.

ओळख सांगणे ही एक साक्ष आहे, असे मला वाटते. जो जीव स्वतः बोलू शकत नाही त्याच्याविषयी आपण बोलतो. म्हणून न पाहता नाव देणे ही खोटी साक्ष होय. शास्त्राने या साक्षीसाठी एक शिस्त घालून दिली आहे. नव्या जातीला नाव देणाऱ्याने तिचा एक प्रत्यक्ष नमुना जपून ठेवावा लागतो. ते नाव त्या नमुन्याशी कायमचे बांधलेले असते. उद्या कोणाला शंका आली, तर त्याने तो नमुना काढून पाहावा. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे १९४६ साली स्थापन झालेल्या व १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत, डॉ. पी. जी. पटवर्धन, डॉ. ऊर्मिला मखीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीतील शैवाकांचा असा संग्रह उभा केला. लखनौचे डॉ. डी. डी. अवस्थी यांनी आयुष्यभर जमविलेले नमुने आज तेथील राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आहेत. अशा परिश्रमांतूनच २०१० साली प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातील २,३०० हून अधिक जातींची नोंद होऊ शकली. आपले म्हणणे खोडून काढण्याची सोय मागे ठेवून जाणारा साक्षीदार किती विश्वासार्ह, याचा वाचकांनी विचार करावा.

परंतु येथेच दुसरी अडचण आहे. साक्ष देण्यासाठी नमुना तोडावा लागतो. पानासारखी पसरणारी शैवाके वर्षाला काही मिलिमीटरच वाढतात. खडकाला चिकटून राहणारी कित्येक तर एक मिलिमीटरही वाढत नाहीत. झाशीच्या ग्रॅनाइट खडकांवरील तळहाताएवढा एखादा डाग त्याच्याकडे पाहणाऱ्या माणसाहून वयाने मोठा असू शकेल. तो क्षणात खरवडता येतो. मग दुर्मीळ जीव ओळखण्याच्या नादात तोच नाहीसा करावा काय? माझ्या मते येथे मर्यादा स्पष्ट आहे. ज्ञानाला जेवढे लागते तेवढेच घ्यावे. एकच देह असेल तर त्याला हात लावू नये. भिंगाने व छायाचित्राने भागत असेल तर चाकू काढू नये. ज्याची ओळख पटवावयाची, त्याचे अस्तित्व आपल्या जिज्ञासेहून थोर आहे.

यावर कोणी रास्त आक्षेप घेईल. बुंदेलखंडात पाण्यासाठी मैलोगणती चालणाऱ्या स्त्रिया आहेत, कामासाठी गाव सोडणारी कुटुंबे आहेत. तेथे दगडावरील डागांची चिंता कोणाला परवडेल? हा आक्षेप टाळता येत नाही. ज्याला भाकरीची चिंता आहे, त्याला शैवाकाचे लॅटिन नाव सांगणे क्रूरपणाचे होईल. परंतु सीपरी बाजारातील ते पोते कोठून आले ते पाहा. हिमालयाच्या उतारांवरील व दक्षिणेतील डोंगरांवरील गोरगरीब माणसे झाडाझाडांवरून हे पापुद्रे काढतात आणि त्यावर त्यांची चार दिवसांची चूल पेटते. त्या ढिगात विपुल जाती कोणत्या व दुर्मीळ कोणत्या, हे कोणीच वेगळे केले नाही, तर आपल्यापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर सर्व ओरबाडू द्यावे, किंवा सर्वच बंद करावे. पहिल्या मार्गाने मुक्या जीवांवर अन्याय होतो, दुसऱ्याने त्या गरीब हातांवर. हे घे, ते राहू दे, असा तिसरा मार्ग ओळखीनेच खुला होतो. तेव्हा ओळख ही श्रीमंतांची चैन नाही. न्याय करू इच्छिणाऱ्याला ती प्रथम लागते.

लेवीय पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर उमटणाऱ्या हिरवट किंवा तांबूस चट्ट्यांविषयी नियम आहेत. ते चट्टे बुरशीचे असावेत असे पुष्कळ टीकाकार मानतात. तेथील क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. याजक चट्टा पाहतो, पण लगेच निकाल देत नाही. घर सात दिवस बंद ठेवतो. सातव्या दिवशी पुन्हा येऊन पाहतो. चट्टा पसरला असेल तर तेवढेच दगड काढावयाचे, भिंत खरवडावयाची, नवा गिलावा द्यावयाचा. तो पुन्हा उमटला तरच घर पाडावयाचे. न उमटला तर घर शुद्ध ठरवावयाचे. ज्या हिब्रू शब्दाने हा चट्टा सांगितला आहे, त्याच शब्दाने माणसाच्या त्वचेवरील चट्टेही सांगितले आहेत. पुढील काळात त्या शब्दाचे 'महारोग' असे एकच सरसकट भाषांतर जगभर रूढ झाले आणि त्या नावाखाली कितीतरी निरपराध माणसे घराबाहेर काढली गेली. चुकीच्या ओळखीची किंमत नेहमी दुसराच भरतो. घराच्या भिंतीला सात दिवसांची मुदत मिळत असेल, तर माणसाला का मिळू नये?

दुर्मीळ म्हणजे तरी काय? जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत २००३ साली अवघ्या दोन शैवाकांची नावे होती. याचा अर्थ उरलेल्या हजारो जाती सुरक्षित होत्या असा नव्हता. त्यांची विचारपूस कोणी केली नव्हती, एवढाच होता. काही जीव खरोखरच थोडे असतात. आणि काहींकडे पाहणारे डोळे थोडे असतात. यांतील दुसरी दुर्मीळता दूर करणे आपल्या हातांत आहे.

यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग पुरे. पावसाळ्यात आपल्या कुंपणाच्या भिंतीपाशी, मंदिराच्या, मशिदीच्या किंवा चर्चच्या जुन्या दगडांपाशी पाच मिनिटे थांबावे. वाऱ्याने खाली पडलेला तुकडा मिळाला तर कागदाच्या पाकिटात घालून त्यावर ठिकाण, तारीख आणि तो कशावर वाढला होता, एवढे लिहावे. नावाची जागा कोरी ठेवावी. ती कोरी जागा जाणकाराला उपयोगी पडेल. घाईने लिहिलेले नाव मात्र त्याला प्रथम खोडावे लागेल. आणि ही सवय हाताला लागली की एक गोष्ट आपोआप ध्यानात येईल: ज्यांच्या कपाळी आपण न पाहता, न थांबता नावे लिहून ठेवली आहेत, अशी माणसेही आपल्या आळीत आहेत. त्यांच्याकडेही सातव्या दिवशी पुन्हा एकदा जावे.