बहुमताची साक्ष

संगणकाच्या स्मृतीतील एखादी खूण चुकून पालटली, तर ती ओळखावी कशी? जुना उपाय सोपा आहे. एकच खूण तीन ठिकाणी नोंदवावी. दोन साक्षी जुळल्या की तिसरी चूक ठरवावी. क्वांटम संगणकाला मात्र ही सोय नाही. त्याचा घटक, म्हणजे क्यूबिट, अतिशय नाजूक. त्याची हुबेहूब नक्कल करता येत नाही, आणि थेट पाहू जावे तर त्याची अवस्थाच मोडते.

१९९५ साली पीटर शोर यांनी वाट दाखविली. एका क्यूबिटचा आशय नऊ क्यूबिटांत गुंफावा. कोणाच्या पोटात काय आहे हे न विचारता, ते परस्परांशी जुळतात की नाही एवढेच विचारावे. दोष कळतो, आशय अबाधित राहतो. २०२४ साली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्यातील संरक्षण संशोधन प्रयोगशाळा यांनी सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. त्याच वर्षी गूगलने १०५ क्यूबिटांच्या चिपवर, साक्षीदार वाढविले की दोष घटतो, हे दाखवून दिले.

परंतु येथे एक अट आहे. चुका विरळ आणि परस्परांपासून स्वतंत्र असाव्यात. अवकाशातून आलेला एखादा किरण चिपवर आदळला, तर अनेक क्यूबिट एकदम बिघडतात. मग शेजाऱ्यांची साक्ष फसवी ठरते.

मनुष्यसमाजाचेही असेच नव्हे काय? रत्नागिरी जिल्ह्यातील मुरुड हे धोंडो केशव कर्वे यांचे गाव. १८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. शेजारी शेजाऱ्याशी जुळत होता. न जुळणारा एकटाच, म्हणून दोषी! वस्तुतः एकाच रूढीचा आघात सर्वांवर झाला होता. ती शंभर जणांची साक्ष नव्हती. एकाच साक्षीचे ते शंभर प्रतिध्वनी होते. पुढे १९५८ साली कर्व्यांना भारतरत्न लाभले. त्या सन्मानाने ते बरोबर ठरले असे नव्हे. १८९३ सालीही ते बरोबरच होते.

म्हणून एकटा माणूस नेहमी खरा, असे कोणी मानू नये. पुष्कळदा तोच चुकलेला असतो. मात्र त्याला दोषी ठरविण्यापूर्वी दोन गोष्टी पाहणे हे आपले कर्तव्य आहे: आपली मते खरोखर स्वतंत्र आहेत काय, आणि दोष शोधताना आपण माणूसच मोडीत तर नाही ना?